ओहोटीची वाट

३ जानेवारी १९६०, रविवार

प्रभा काल संध्याकाळच्या गाडीने आली. हे स्वतः वसईला जाऊन तिला घेऊन आले. स्टेशनवरून घरी येताना टांगा इतका हळू चालवायला लावला की टांगेवाला म्हणाला, "साहेब, घोडा झोपंल."

प्रभा माझी नणंद. वय वीस. शाळेत असताना तिला सांध्यांचा ताप आला आणि त्यात हृदयाची एक झडप बिघडली. आईवडील नाहीत, इतकी वर्षं मावशीकडे होती. मावशी दिवाळीत गेल्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशनसाठी नाव घातलं आहे. तारीख यायला पाच-सहा महिने लागतील. तोवर विश्रांती आणि समुद्राची हवा. त्यासाठीच तर आम्ही स्टेशनजवळचं क्वार्टर सोडून डहाणू गावात खाडीपाशी दोन खोल्या घेतल्या. हे पहाटे साडेपाचला सायकलने पार्सल ऑफिसात जातात, दुपारी तीनला येतात.

लग्नाला आठ वर्षं झाली, घरात तिसरं माणूस कधी नव्हतं. आज दुपारी दोघी जेवायला बसलो तर मला बोलायला सुचेना. तीच म्हणाली, "वहिनी, मी काही फार दिवस त्रास द्यायची नाही." मी म्हटलं, "गप्प बस." म्हणजे पहिलं वाक्य बोलले ते हे.

७ जानेवारी

पारशी डॉक्टर येऊन गेले. म्हातारे आहेत, मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलतात. "दीकरी, दोडायचा नाय, दादर चडायचा नाय, वजन उचलायचा नाय. मीठ ओछुं, कमती." यांनी ते सगळं सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावलं. खाली गोळ्यांच्या वेळा. रोज संध्याकाळी घड्याळ हातात घेऊन तिची नाडी मोजतात. मोजताना ओठ हलतात.

ते आत गेल्यावर प्रभा मला म्हणाली, "दादाने मला बरणीत भरून ठेवलंय, लोणच्यासारखं. लोणचं मुरतं तरी. मी नुसतीच बरणीत."

मला हसू आलं आणि हसल्याबद्दल अपराधीही वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

हिरकणी कोळीण मासे घेऊन आली. आम्ही घेत नाही हे माहीत असूनही ती पायरीवर बसते, पाणी पिते, मान हलकी झाली की उठते. आज तिला तिळगूळ दिला. प्रभाने तिला विचारलं, "खाडीच्या तोंडाशी तो काळा उंचवटा दिसतो, ते काय आहे?"

"ती आमची खडपी. बेट हाय लहानसं. पुनवेनंतर दोन-तीन दिवस सकाळचं पानी पार उतरतं, तवा चालत जाता येतं. घोट्याएवढं पानी. मी कालवं काढाया जाते."

"वर काय आहे?"

"काय असनार? दगड. एक करंजाचं झाड. पक्षी लई."

प्रभाने आणखी पन्नास प्रश्न विचारले. पाणी परत कधी चढतं, पक्षी कुठले, वाळू आहे का, कुणी राहायचं का तिथे. हिरकणी शेवटी वैतागून म्हणाली, "बाय, येऊन बघ की एकदा."

१६ जानेवारी, शनिवार

लिहू की नको असा विचार करत सकाळपासून वही उघडून मिटते आहे. लिहितेच. ही वही कोणी वाचत नाही.

आज आम्ही खडपीवर गेलो.

हे गेल्यावर मी अंगण झाडत होते. सात वाजले असतील. प्रभा शाल घेऊन दारात उभी. म्हणाली, "नुसतं किनाऱ्यापर्यंत." किनारा पाच मिनिटांवर. तिथे हिरकणी कोयती आणि टोपली घेऊन निघालेली. समुद्र इतका मागे गेला होता की जणू कुणी चादर ओढून घेतली असावी आणि खालचं सगळं उघडं पडलं असावं. ओली वाळू, शेवाळलेले दगड, मध्ये चमकणारी डबकी. आणि पलीकडे बेट, अगदी दीड-दोन फर्लांगांवर.

मी म्हणायला हवं होतं, पुरे, मागे फिर. खरं लिहायचं तर मलाच जायचं होतं. आठ वर्षं या गावात काढली, किनाऱ्यावर फिरायला म्हणून एकदा गेले ती लग्नाच्या पहिल्या वर्षी.

अगदी हळू गेलो. वीस पावलं आणि थांबा, वीस पावलं आणि थांबा. बेट लहान आहे, सगळं फिरायला पाव तास पुरे. खाडीकडच्या अंगाला तिवरांची झुडपं आणि मूठभर वाळू, समुद्राकडे काळे खडक. खडकांत पाण्याचे हौद तयार झालेत. एकात हिरवट फुलासारखं काहीतरी पसरलेलं. प्रभाने बोट लावलं तर ते मिटलं. ती इतक्या मोठ्याने ओरडली की बगळे उडाले. "वहिनी, जिवंत आहे!"

साडेआठला परतलो. संध्याकाळी यांनी नाडी मोजली आणि म्हणाले, "आज बरी आहे." मी भाकरी थापत होते, वर बघितलं नाही.

३० जानेवारी

पुन्हा गेलो. अमावस्येनंतरचीही ओहोटी चालते, हे आता मलाही कळतं.

परवा ठरवलं होतं की जायचं नाही. यांना सांगून टाकायचं आणि त्यांनी परवानगी दिली तरच. दोनदा तोंड उघडलं. एकदा ते चिकूच्या करंड्यांचं सांगत होते, डब्यात कशा सडल्या ते. दुसऱ्यांदा प्रभाने माझ्याकडे बघितलं.

तिला सगळं नीट हवं असतं. बेटाचा कुठला भाग कसा आहे, कुठे निसरडं, कुठे बसायला चांगलं. करंजाखाली बसलं की पूर्वेला महालक्ष्मीचा डोंगर दिसतो, शेंडीसारखा. मी तिला सांगितलं की तलासरीला माझ्या माहेरच्या अंगणातूनही लांबवर डोंगर दिसतात. ती म्हणाली, "तुला तलासरीची आठवण येते का गं?" यांनी मला हे कधी विचारलेलं नाही. विचारायला हवं असंही मला कधी वाटलं नव्हतं.

२९ फेब्रुवारी

चार वर्षांनी येणारा दिवस, म्हणून प्रभा म्हणाली आज काहीतरी वेगळं करायचं.

हिरकणीने तिला तरंगायला शिकवलं. समुद्राकडच्या खडकांत छातीभर पाण्याचा मोठा हौद आहे, लाट आत येत नाही. हिरकणीने तिच्या मानेखाली एक हात धरला, कमरेखाली एक. "अंग सोड, बाय. धरू नको. पानी धरतं." मी काठावर उभी राहून देवाचं नाव घेत होते. आणि हिरकणीने हात काढून घेतले तरी प्रभा वरच राहिली. डोळे मिटलेले, केस पसरलेले. बराच वेळ. मग म्हणाली, "वहिनी, मला वजनच नाही."

मग मीही उतरले. लुगड्यासकट. माझ्याने जमलं नाही, नाकातोंडात पाणी गेलं. हिरकणी हसून हसून खाली बसली. मी इतकी कधी हसले होते आठवत नाही.

घरी येऊन केस धुऊन, वाळवून, वेणी घालून यांची वाट बघत बसलो, दोन शाळकरी मुलींसारख्या. यांनी विचारलं, "आज दोघींनी न्हाणं केलं वाटतं?"

३० मार्च

आज तिवरांत बगळ्याची घरटी सापडली. तीन निळसर अंडी. प्रभा हात लावू देत नव्हती.

परतताना मध्येच बसली. मी म्हटलं, दमलीस. म्हणाली, नाही, बघत होते. मग अचानक विचारलं, "वहिनी, माझं लग्न होणार नाही हे तुला माहीत आहे ना?"

"ऑपरेशननंतर सगळं होईल."

"मूल झालं तर मी जगणार नाही, असं वसईच्या डॉक्टरांनी मावशीला सांगितलं होतं. दाराआडून ऐकलं मी. तेव्हा पंधरा वर्षांची होते." आणि मग, "तुझं का नाही झालं गं मूल?"

कुणी असं तोंडावर विचारलं तर मी उठून जाते. आज नाही गेले. मी म्हटलं, "माहीत नाही. डॉक्टरकडे गेलो नाही कधी. हे म्हणाले, देवाची इच्छा. मी म्हटलं, बरं."

ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना फार 'बरं' म्हणता."

१ मे, रविवार

आजपासून आपलं राज्य महाराष्ट्र. डहाणू इकडे राहणार की गुजरातेत जाणार यावरून इतकी वर्षं भांडणं चालली होती, आज बाजारात तोरणं लागली. समोरच्या गुजराती शेजारणीनेही पेढे वाटले. प्रभाला मिरवणूक पाहायची होती, यांनी खुर्ची दारात आणून ठेवली. तिथूनच पाहिली.

दुसरी बातमी, ऑपरेशनची तारीख आली. १४ जून. यांनी पत्र तीनदा वाचून दाखवलं आणि मग देवापाशी ठेवलं. मी प्रथमच त्यांना शीळ घालताना ऐकलं.

प्रभाची तब्येत सुधारली आहे हे मला मान्य करायलाच हवं. तोंड भरल्यासारखं दिसतं, अंगावर थोडं बाळसं आलंय. जानेवारीत आणलेल्या चपला घट्ट होतात म्हणते, खाऱ्या हवेने कातडं आकसलं असेल. मी तिला माझ्या जुन्या दिल्या. आता रात्री तीन उशा पाठीशी घेऊन बसूनच झोपते. समुद्राचा आवाज चांगला येतो म्हणे. पहाटे थोडा खोकला असतो, तो वाऱ्याचा.

मला वाटतं, बेटाने तिला बरं केलं. हे मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

१३ मे

आज चालत न जाता होडीने गेलो. होडी हिरकणीचा नवरा दौलत याची. प्रभाच म्हणाली, होडीची हौस आहे. दौलत फारसा बोलत नाही. तिला वल्ह्याला हात लावू दिला, तिने दोन-चारदा मारलं आणि ठेवून दिलं.

उतरताना हिरकणीने तिला जवळजवळ उचललंच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, हिला बरं हाय ना?"

मी म्हटलं, "उन्हाचा त्रास."

"सकाळच हाय की," असं म्हणून ती कालवं काढायला निघून गेली. या बायकांना आजारपणातलं काय कळतं. भरभरून बोलतात एवढंच.

२८ मे

दौलत पुढच्या आठवड्यात होडी वर ओढून शाकारणार. मग पावसाळाभर बेट बंद. प्रभा म्हणाली, एकदा शेवटचं.

आज ती पाण्यात उतरली नाही. पाणी कोमट आहे, मजा नाही म्हणाली. करंजाला टेकून बसली होती. बगळ्यांची पिल्लं आता उडायला लागली आहेत, उड्या मारून फांदीवर आपटतात, पुन्हा मारतात. ती तेच बघत होती. मी शिंपले वेचत होते, आणून दाखवत होते. तिने प्रत्येक नीट बघितला, एकही 'छान' म्हणून बाजूला टाकला नाही.

मग म्हणाली, "दादाला कळलं तर माझ्यावर घाल."

"काय?"

"हे सगळं. सांग, ती हट्टाने जायची, मी काय करू."

"ऑपरेशन झालं की आपणच सांगू. पेढे देऊन सांगू."

"बरं," असं म्हणाली आणि आमच्या दोघांची नक्कल केली म्हणून हसली. हसताना खोकला आला, तो थांबायला वेळ लागला.

१ जून

आज पहाटे चार वाजता तिने माझं नाव घेऊन हाक मारली. वहिनी नाही, मनोरमा. अंथरुणात ताठ बसलेली, श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे. तोंडाला फेस, त्यात गुलाबी रंग. हे सायकल घेऊन डॉक्टरांना आणायला धावले, पायात चप्पल नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मग तिच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तर खळगा तसाच राहिला, मऊ मातीत राहावा तसा.

"पग केटला दिवसथी सुजलेत?"

"सुजलेत?" मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "दीकरी, उशीवर बसून झोपायची?" मी म्हटलं हो. "खोकला?" हो. "कोण बोलला नाय मला?" मी म्हटलं, ती म्हणायची समुद्राचा आवाज.

हे भिंतीपाशी उभे होते, त्या कागदाला पाठ लावून.

मुंबईला नेल्याशिवाय इलाज नाही, डॉक्टर म्हणाले. दुपारच्या गाडीने न्यायचं ठरलं.

४ जून

लिहून टाकते म्हणजे पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणार नाही.

परवा नाही, परवाच्या आदल्या दिवशी. म्हणजे १ तारखेलाच, वरचं लिहिल्यानंतर. तिला खाटेसकट स्टेशनवर नेलं. दौलत आणि त्याचे तीन भाऊबंद खाट उचलायला आले, कुणी बोलावलं कोण जाणे. वेटिंग रूम तापली होती म्हणून यांच्या पार्सल ऑफिसात ठेवली. तिथे गार असतं. चारी बाजूंनी चिकूच्या करंड्या, पिकल्याचा गोड वास. प्रभाने डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तू इथे बसतोस?" हे म्हणाले, "हो, या टेबलाशी." ती म्हणाली, "छान आहे." एवढंच.

स्टेशनमास्तरांनी गाडी दोन मिनिटं जास्त थांबवण्याची व्यवस्था केली होती. गाडी दिसली तेव्हा ती होती. गाडी फलाटाला लागली तेव्हा नव्हती. यांनी मनगट धरलेलं होतं. घड्याळ नव्हतं हातात. धरूनच राहिले.

गार्ड दारात आला. "साहेब, चढवायचं?"

हे बाहेर गेले आणि त्याला हात केला, जाऊ दे म्हणून. गाडी गेली.

७ जून

हिरकणी आली. पाटी न घेता आली. अंगणात बसून रडली. हे ओटीवर होते. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "साहेब, कसली पोर होती. बेटावर आली की बगळ्यांशी बोलायची. मी पान्यावर तरंगाया शिकवली, तर म्हनते, मला वजनच नाय…"

मी दारात होते. मला तिच्या तोंडावर हात ठेवता आला असता. ठेवला नाही.

हे म्हणाले, "कुठलं बेट?"

हिरकणी माझ्याकडे बघायला लागली. तिला कळलं. उठली, पदर तोंडाला लावला आणि गेली.

यांनी मला एकच विचारलं. "किती वेळा?"

"सात-आठ."

प्रभाने सांगितलं होतं, माझ्यावर घाल. मी घातलं नाही. म्हटलं, "मीच नेत होते. मलाही जायचं असायचं."

ते आत गेले. भिंतीवरचा कागद काढला, त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली, घडी घालायला कागद उरेना इतकी.

१५ जून

काल चौदा तारीख होती.

हे बोलत नाहीत. 'वाढ', 'पुरे', 'येतो'. शिव्या देत नाहीत, हात उगारत नाहीत. ते तसे नाहीतच. मी रोज वाट बघते की आज ओरडतील.

डॉक्टरांना जाऊन विचारलं मी. एकटी गेले. "चालल्यामुळे झालं का?" ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, कदाच. कदाच नाय. झडप इतकी बारीक झाली होती की खाटेवरही झालं असतं. मग म्हणाले, "पण सूज बघितली असती तर…" आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. तेवढं मला पुरतं. मी तिला बेटावर नेलं याचं नाही वाटत तेवढं, मी तिच्या पायांकडे बघितलं नाही याचं वाटतं. स्वतःच्या जुन्या चपला तिच्यापुढे वाकून ठेवल्या, आणि पाय बघितले नाहीत. मला ती बरी व्हायला हवी होती, कारण ती बरी असली तरच मला जाता येणार होतं.

१० जुलै, तलासरी

आठ दिवस झाले माहेरी तात्यांकडे येऊन. यांनी 'जाऊन ये' म्हटलं. 'परत कधी' विचारलं नाही.

तात्या निवृत्त झाले तरी शाळेतली मुलं येऊन बसतात. शेजारची शुक्री रानभाजी आणून देते, मी निवडते. लावणी चाललीय. काल ती मुलं गेल्यावर मी तात्यांना सगळं सांगितलं, पहिल्या सकाळपासून.

मला वाटलं होतं ते म्हणतील, तुझी चूक नाही, मनू. ते म्हणाले, "चुकलीस. गोपीनाथरावांना सांगायला हवं होतं. त्यांची बहीण होती."

मी रडले. त्यांनी रडू दिलं.

मग म्हणाले, "आणि आता आणखी चुकते आहेस. त्या घरात दोन माणसं होती जी तिला ओळखत होती. एक इथे येऊन भाजी निवडतंय. ते एकटे कुणाशी बोलत असतील?"

"ते माझ्याशी बोलत नाहीत, तात्या."

"तू बोललीस?"



२ ऑगस्ट, डहाणू

परवा एस.टी.ने परत आले. हे घरी होते. "आलीस?" म्हणाले. वाळले आहेत. चुलीवर पिठलं करपून भांड्याला चिकटलेलं. प्रभाची खाट तशीच होती, वर स्वच्छ चादर घातलेली. ती चादर हेच रोज झटकत असणार.

रात्री ताट वाढताना मी म्हटलं, "पहिल्या दिवशी तिला खडकात एक समुद्रातलं फूल दिसलं होतं. हात लावला की मिटणारं." ते जेवत राहिले. पण घास लहान झाले.

११ सप्टेंबर

रोज एक गोष्ट सांगते. एकच. कधी बगळ्यांच्या अंड्यांची, कधी दौलतच्या होडीची. काही दिवशी ते उठून जातात. तिने मला विचारलेलं, मूल का नाही, तेही परवा सांगितलं.

आज त्यांनी विचारलं, "पोहायला आलं होतं तिला?"

"पोहायला नाही. तरंगायला."

"भ्यायली नाही?"

"मी भ्याले. ती नाही."

उठून हात धुतले. बराच वेळ धुतले.

६ ऑक्टोबर

परवा कोजागरी झाली. आम्ही केली नाही. आज यांनी साप्ताहिक सुट्टी उद्यावर गेल्याचं सांगितलं आणि मग म्हणाले, "हिरकणीला विचार, उद्या पाणी किती वाजता उतरतं."

मी विचारायला गेले नाही. मला माहीत होतं. म्हटलं, "आठच्या सुमारास."

७ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो. दोघंच.

यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. पाय पांढरेफटक, सायकलच्या साखळीचा डाग घोट्याला. शेवाळावरून चालायची सवय नाही, दोनदा घसरले, तिसऱ्यांदा माझं कोपर धरलं. आठ वर्षांत, नव्हे, आता नऊ, रस्त्यात त्यांनी मला असं धरलं नव्हतं. मी सांगत होते, हा दगड हलतो, इथून नको, तिथून.

निम्म्या वाटेवर ते थांबले. म्हणाले, "ती दमायची का?"

मला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, कदाचित मलाही.

"हो," मी म्हटलं. "दमायची. छाती अशी वरखाली व्हायची की लांबूनही दिसायचं. दर थोड्या वेळाने बसावं लागायचं. मी म्हणायचे, बघत बसलीय. तीही तेच म्हणायची."

"मग तू मागे का नाही फिरलीस?"

"मी म्हणायचे, फिरू या. ती म्हणायची, दोन मिनिटं थांब. मग उठायची."

"आणि?"

"आणि विचारायची, पुढे काय आहे."

ते ओल्या दगडावर खाली बसले. दोन्ही हात तोंडावर घेऊन रडले. जूनपासून आजवर ते रडले नव्हते, स्टेशनवर नाही, स्मशानातून आले तेव्हा नाही. मोठ्याने, लहान मुलासारखं. लांब कालवं काढणाऱ्या बायकांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी त्यांच्याजवळ उभी राहिले. काय करावं कळेना, म्हणून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

त्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारणार नाही. मीही स्वतःला केलेलं नाही, आणि प्रभा असती तर या गोष्टीवर आम्हाला हसली असती.

बऱ्याच वेळाने त्यांनी बाहीने तोंड पुसलं. पाणी अजून लांब होतं, पण वळलं होतं. वाळूवर त्याची पांढरी कड दिसत होती.

"किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

"अर्धा-पाऊण तास."

ते उठले. "चल," म्हणाले. "पुढे काय आहे?"

मी पुढे झाले आणि दाखवायला लागले.